परसातल्या पाल्यात हा कोणता पक्षी? (रंगीत, शेपूट जवळजवळ नाहीच, जमिनीवर उड्या मारतोय)

सातारी_कंदी:
नमस्कार मंडळी. पक्ष्यांमधलं मला कावळा, चिमणी, साळुंकी, कबूतर आणि फार तर बुलबुल एवढंच कळतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी हसायला नको.

आमचं घर साताऱ्यात आहे, जुनं, सासऱ्यांनी बांधलेलं, मागे दीड-दोन गुंठ्यांचं परस. एक आंबा, एक फणस (फळ धरत नाही, नुसता पानं गाळतो), शेवगा, कढीपत्ता आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात जुनी कौलं, विटा आणि देव जाणे किती वर्षांचा पाला. सासूबाई तो पाला कोणाला हलवू देत नाहीत, म्हणतात कुजू दे, खत होतंय. खत होतंय हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आम्ही दोघांनी यंदा ठरवलं की पावसाच्या आत तो कोपरा साफ करून पेव्हर ब्लॉक घालायचे म्हणजे गाडी आत घेता येईल, त्या माणसाला ॲडव्हान्स पण देऊन झालाय.

तर परवा सकाळी, २८ मे, सव्वासहाच्या सुमारास दूध तापत ठेवून मागचं दार उघडलं आणि त्या पाल्यात काहीतरी खसफसलं. मला वाटलं उंदीर नाहीतर शेजारचा बोका. बघते तर एक पक्षी, बुलबुलाएवढा असेल पण गोलमटोल, पाय लांब, आणि रंग म्हणजे काय सांगू, पाठ हिरवी, पोट बदामी, खांद्यावर निळं एकदम चकाकणारं, जणू कोणी मोराचं पीस चिकटवलंय. शेपूट म्हणाल तर कापून टाकल्यासारखी. चालत नव्हता, टुणटुण उड्या मारत होता, थांबायचा, चोचीने पान उलटायचा, परत दोन उड्या. मी दारात तशीच उभी आणि दूध उतू गेलं ते वेगळंच.

काल पण होता, आज पण आहे, त्याच कोपऱ्यात. तांदूळ आणि बाजरी टाकून बघितली, ढुंकून बघितलं नाही, साळुंक्यांनी फस्त केली. कोणाचा पाळलेला सुटून आलाय का? धरून पिंजऱ्यात ठेवू का, कारण तो बोका दोन चकरा मारून गेलाय आणि माझा जीव वरखाली होतोय. फोटो जोडलाय पण मोबाईलचा आहे, झूम करून काढला, पोपटी डाग दिसेल तोच पक्षी समजा.

चष्मा_विसरलो:
निळा रंग चकाकत होता म्हणताय ना, मग खंड्या. आमच्या विहिरीवर रोज असतो. विषय संपला.

दुर्बीणवाला:
विषय नाही संपला हो चष्मेवाले. खंड्या तारेवर, फांदीवर बसून खाली सूर मारतो, पाला उलटत टुणटुण फिरत नाही, त्याचे पाय त्या कामाचे नसतात, एवढे एवढेसे असतात. आणि त्याची चोच बघितली की आधी चोचच लक्षात राहते, कंदी ताईंनी चोचीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

ताई, फोटोतून काही कळत नाही, तुम्ही तोंडीच सांगा. डोळ्यावरून मागे जाणारा रुंद काळा पट्टा आहे का, दरोडेखोराने फडकं बांधल्यासारखा? गळा पांढरा आहे का? शेपटीच्या खाली, म्हणजे बुडाशी, लालभडक आहे का? आणि उभा राहिला की ती बुटकी शेपूट सावकाश वरखाली करतो का? शेवटचा प्रश्न, संध्याकाळी उजेड जायच्या वेळेला परसातून शिट्टीसारखं काही ऐकू आलं का?

सातारी_कंदी:
अहो हो हो हो! लाल आहे, माझा मुलगा कालच म्हणाला आई त्याने लाल चड्डी घातलीय, मी त्याला गप्प केलं होतं. काळा पट्टा पण आहे आणि डोक्यावर मधोमध पण एक काळी रेघ आहे, भांग पाडल्यासारखी.

शिट्टीचं तर ऐका. काल संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला मागून शिट्टी आली, दोन सुरांची, पहिला वर चढणारा आणि दुसरा खाली येणारा, परत परत. मला वाटलं गल्लीतलं कोणी कार्टं माझ्या भाचीला बघून वाजवतंय, मी खिडकीतून जोरात ओरडले सुद्धा, "कोण आहे रे तिकडे". गप्प झाला. आता कळतंय मी कोणावर ओरडले ते 🙈

दुर्बीणवाला:
नवरंगावर ओरडलात. इंग्रजीत इंडियन पिट्टा. अभिनंदन, मी गेली अकरा वर्षं गळ्यात दुर्बीण अडकवून फिरतोय आणि त्यातले पहिले चार पावसाळे मी याचा फक्त आवाज ऐकला, पक्षी दिसला नाही, आणि तुम्हाला दूध तापवता तापवता दिसला. असो, जळत नाहीये मी.

पाळलेला नाही, अस्सल रानपक्षी आहे आणि पाहुणा आहे. हा हिवाळा काढतो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत, मग मे संपता संपता पावसाच्या पुढेमागे वर सरकायला लागतो, काही सह्याद्रीच्या रानात थांबतात, काही मध्य भारतात, काही तर पार हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जाऊन घरटी करतात. पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाली. उंची अशी काही नाही, लांबी १९ सेंटीमीटर, तेवढ्या जिवाने एवढं अंतर कापायचं, आणि तेही रात्रीचं उडून. उजाडलं की जिथे पोचला असेल तिथे उतरायचं, मग खाली जंगल असो नाहीतर सातारा. म्हणूनच मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा आणि परत ऑक्टोबर हे दोन मोसम असे असतात की नवरंग नको तिथे सापडतो, कोणाच्या जिन्यात, कोणाच्या पार्किंगमध्ये, दमून बसलेला. तुमच्याकडचा मात्र दमलेला वाटत नाही, तुम्ही म्हणताय की तीन दिवस चरतोय, म्हणजे पोट भरून पुढच्या रात्रीची तयारी चाललीय.

दाणे तो खाणार नाही. हा किडेखाऊ, गांडुळं, भुंगेऱ्यांच्या अळ्या, गोगलगाई, वाळवी असलं काही पाल्याखाली ओलाव्याला जे असतं ते त्याचं जेवण. झाडावर रात्री झोपतो आणि शीळ घालायला फांदीवर चढतो, बाकी सगळा संसार जमिनीवर, पावसाळ्यातलं घरटं पण जमिनीवर किंवा खालच्या बेचक्यात, चेंडूसारखं, बाजूने दार ठेवलेलं. आता विचार करा, रात्री वरून येताना याला खाली काय दिसत असेल, तुमच्या अख्ख्या आळीत फरशी, कोबा, पत्रे, आणि एकाच घरामागे काळोखी दाट झाडी आणि खाली वर्षानुवर्षं न झाडलेला पाला. तो तुमच्याकडे चुकून नाही आलेला. तुमच्या सासूबाईंनी त्याची पंगत मांडून ठेवलीय.

नावाची एक गंमत सांगतो, पिट्टा हा शब्द तेलुगू आहे, अर्थ नुसता पाखरू. आणि तमिळमध्ये याला आरुमणि कुरुवी म्हणतात, सहा वाजताचा पक्षी, कारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास शीळ घालतो. तुमची वेळ बघा, सव्वासहा आणि साडेसहा. घड्याळ लावून घ्या.

पिंजरा अजिबात नको. एक तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानपक्षी घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि दुसरं म्हणजे हा पिंजऱ्यात धडका मारून जीव देईल. बोक्याचा बंदोबस्त करा, पक्ष्याचा नको.

चष्मा_विसरलो:
चष्मा लावून परत वाचलं. खंड्या नाही. माघार.

एकटा_पिंगळा:
पिट्टा म्हटलं की मला आमची पुण्यातली सोसायटी आठवते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, सकाळी ऑफिसला निघालो तर लॉबीच्या काचेखाली हाच पक्षी पडलेला, डोळे अर्धे मिटलेले, चोच उघडी. काचेत समोरच्या झाडांचं प्रतिबिंब पडतं ना, त्यांना वाटतं पुढे पण झाडंच आहेत. वॉचमन म्हणाला साहेब मेलाय, टाकून देतो, आणि तेवढ्यात त्याने पापणी हलवली.

माझ्याबरोबर लिफ्टमधून उतरलेल्या एका काकूंनी बाटलीच्या झाकणातून चोचीत पाणी घालायला सुरुवात केली, मी अक्षरशः हात धरला त्यांचा, राग आला त्यांना, पण धडकलेल्या पक्ष्याच्या तोंडात पाणी घातलं की ते श्वासनलिकेत जातं आणि वाचणारा पक्षी त्यानेच मरतो. मला हे आधी एकदा चूक करून कळलंय, एक तांबट पक्षी गेला होता माझ्या हातात, तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं. तर बुटाचं खोकं घेतलं, झाकणाला पेनाने भोकं पाडली, तळाला जुना टीशर्ट, पक्षी आत, झाकण बंद, आणि खोकं बाथरूममध्ये जिथे अंधार आणि शांतता. सगळ्यात अवघड काम म्हणजे दर पाच मिनिटांनी उघडून न बघणं, कारण आपण प्रेमाने डोकावतो आणि त्याला वाटतं आता हा मला खाणार.

वन खात्याची हेल्पलाईन आहे १९२६, तिथे फोन केला, त्यांनी पण हेच सांगितलं आणि म्हणाले पंख लटकत असेल तर आणा, नसेल तर थांबा. दीडेक तासाने आत खरवड ऐकू यायला लागली. दिवसा सोडला असता तर कावळ्यांनी त्याला हालहाल केलं असतं, आमच्याकडे कावळे फार, म्हणून मावळतीला सोसायटीच्या मागच्या झाडीत खोकं नेऊन झाकण काढलं. एक क्षण बसला, आमच्याकडे पाठ करून, लाल बूड दाखवून, आणि उडाला तेव्हा पंखात पांढरा पट्टा लखकन चमकला जो बसल्यावर दिसतच नाही. ऑफिसला त्या दिवशी हाफ डे पडला. मॅनेजरला कारण सांगितलं, त्याचा आजही विश्वास नाही.

क्लिक_क्लिक:
वॉव मॅडम, लाईफर आहे माझा, म्हणजे आयुष्यात अजून एकदाही न बघितलेला! साताऱ्यात कुठे? लोकेशन डीएम करा ना, या रविवारी दोघेतिघे येतो सकाळी, घरात यायची पण गरज नाही, परसातच बसू. मोबाईलवर त्याचा कॉल, म्हणजे रेकॉर्ड केलेली शीळ, वाजवला की हा लगेच उघड्यावर येतो, पाच मिनिटांत काम होतं.

दुर्बीणवाला:
ताई, अजिबात देऊ नका. आणि क्लिकराव, राग मानू नका, पण कॉल वाजवला की तो का येतो माहितीय ना? त्याला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत घुसला, मग खाणं सोडून तो भांडायला धावतो, आणि समोर कोणीच नाही. रात्रभर उडून आलेल्याला ज्या दोन-तीन दिवसांत अंगावर चरबी चढवायचीय त्यातला अर्धा दिवस आपण त्याला भुताशी भांडायला लावायचं, कशासाठी, तर फोटोसाठी. पाच मिनिटं तुमची असतात, तुमच्यानंतर दुसऱ्या ग्रुपची पाच, तिसऱ्याची पाच.

क्लिक_क्लिक:
सगळेच फोटोग्राफर तसे नसतात सर. आम्ही फ्लॅश वापरत नाही. पण ठीक आहे, कॉल नाही वाजवणार. तरी पत्ता?

सातारी_कंदी:
पत्ता नाही हो दादा, घरात दहावीच्या निकालाचं टेन्शन आहे आणि सासूबाई अनोळखी माणूस परसात बघितला की काठी काढतात. गावाचं नाव लिहिलं तेच चुकलं का काय असं वाटायला लागलंय.

दुर्बीणवाला:
सातारा काही लहान नाही, काळजी करू नका. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी वेबसाईट) मात्र एक नोंद टाका किंवा कोणाकडून टाकून घ्या, तारीख, वेळ, किती होते. अशा परसातल्या नोंदींवरूनच कळतं की कोणत्या आठवड्यात हे लोक कुठून चाललेत. अभयारण्यात सगळेच जातात, घरामागच्या आळीची नोंद कोण करणार.

गुहागरकर:
आमच्याकडे परसात काय येईल याचा नेम नाही, कोकण आहे, तेव्हा माझे दोन पैसे.

पहिला म्हणजे तिबोटी खंड्या (चष्मेवाले, हा खरा खंड्या, घ्या). आमच्या घरामागे डोंगर कापून सपाटी केलेली, त्यामुळे पाच-सहा फुटांची मातीची दरड उभी आहे, दर पावसाळ्यात थोडी ढासळते आणि वडील दर वर्षी म्हणतात की यंदा चिऱ्याची भिंत घालायची. एका जूनमध्ये न्हाणीघरातून बाहेर येतो तर दरडीतून कोणीतरी जांभळा-केशरी दगड भिरकावल्यासारखा सण्णकन गेला. माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, चोच लालभडक, पोट पिवळंजर्द, पाठ निळी-काळी-जांभळी, खोटा वाटावा असा. पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. पावसाबरोबर येतो आणि मातीच्या दरडीत चोचीने बीळ पाडून आत अंडी घालतो, हात-दीड हात खोल सुद्धा असतं. रायगडवाल्यांनी त्याला जिल्हापक्षी करून टाकला, आमचा रत्नागिरीचा तो चान्स गेला. महिनाभर आम्ही न्हाणीघराचं मागचं दार वापरलं नाही, पुढून वळसा. पिल्लांसाठी तो काय काय आणायचा, पाली, सापसुरळ्या, बेडकं, खेकड्याची पोरं, स्वतःएवढा सरडा एकदा आणला आणि बिळात शिरेना, मग फांदीवर आपटून आपटून त्याचा चेंदा केला, आमची आई जेवता जेवता बघत होती, तिने ताट सरकवलं. चिऱ्याची भिंत अजून झालेली नाही.

दुसरा पाहुणा त्याहून भारी. जुलैमधली गोष्ट, तीन दिवस वारा असा की माडाच्या झावळ्या रस्त्यावर, सकाळी अंगणात बदकाहून मोठा पांढरा पक्षी बसलेला, पंखांच्या कडा काळ्या, तोंडावर काळा मुखवटा, चोच म्हणजे सुरा. हलेना. शेजारचे म्हणाले हंस आहे, नारळ फोडा. मी म्हटलं हंस कसला, ह्याला बघा तरी, हा दर्यातला आहे. मास्क्ड बुबी निघाला, भर समुद्रात राहणारा, बेटांवर घरटी करणारा, किनाऱ्याला पाय लावत नाही एरवी, वादळी वाऱ्याने ढकलत आणून टाकला. आम्ही शहाणे, टोपलीत घालून समुद्रात सोडायला निघालेलो, परत पाठवू म्हणून! वाटेत एका जाणत्याने अडवलं, म्हणाला अरे तो उपाशी आहे, दमलाय म्हणून तर पडलाय, त्या लाटांत टाकलात तर बुडेल. मग वन खात्याला फोन. उचलताना त्याने माझ्या भावाच्या मनगटावर अशी चोच मारली की अजून खूण आहे. ह्यांना धरताना डोळे सांभाळायचे, ते थेट डोळ्यावर मारतात, अंगावर गोणपाट टाकून मग उचलायचं.

नारळ फोडलाच पण शेजाऱ्यांनी.

पाल्यातला_विंचू:
सगळं छान आहे पण कोणी एक गोष्ट बोलत नाहीये. परसात पाला साठवायचा म्हणजे घोणस, फुरसं आणि विंचू यांना पण आमंत्रण. घरात लहान मुलं असतील तर पक्ष्यासाठी रिस्क घेऊ नका. माझ्या मामांना अशाच पालापाचोळ्यात घोणस चावली होती, वाचले पण पाय महिनाभर सुजला होता.

दुर्बीणवाला:
बरोबर बोललात, मी रोमँटिक झालो थोडा. पाला असावा पण दाराला लागून नसावा, भिंतीच्या टोकाला ठेवा, दार ते पाला मधली जागा झाडून स्वच्छ. साप पाल्यात असतो तसा विटा-कौलांच्या ढिगातही लपतो, तेव्हा काढायचंच असेल तर कौलं काढा, ती पण पक्षी गेल्यावर. रात्री तिकडे जाताना बॅटरी आणि पायात काहीतरी, हे तर परस असो नसो करायचंच.

कॅलिफोर्नियाची_मावशी:
इकडे आमच्या बॅकयार्डमध्ये रानटी टर्क्या येतात, एक नाही, दहा-बारा एकदम, लाईनीत, सोसायटीच्या मीटिंगला आल्यासारख्या. कुंड्या उकरतात आणि गाडीच्या चकचकीत दारात स्वतःला बघून दारावर चोची मारतात. पहिल्यांदा बघून मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला होता की मोर आलेत. नवरंग मात्र आम्ही लहानपणी भोरला मामाकडे ऐकायचो, दिसला कधीच नाही. कंदी, जमलं तर आवाज रेकॉर्ड करून टाक ना गं.

शेजारीण_नंबर_दोन:
बोक्यासाठी माझा उपाय, स्वस्त आणि मस्त: पाल्याच्या कडेने लिंबाच्या नाहीतर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या टाका, पक्षी खालून आत-बाहेर करतो, बोका पाय ठेवत नाही. आणि बोक्याच्या मालकिणीशी गोड बोलून त्याला पहाटे आणि तिन्हीसांजेला घरात ठेवायला सांगा, कारण मांजरं त्याच वेळेला शिकार करतात आणि तुमचा पाहुणा पण त्याच वेळेला बाहेर असतो. मातीच्या पसरट थाळीत पाणी ठेवा, बोटभर खोल, जमिनीवरच, त्यात एक दगड. दाण्यापेक्षा पाण्याला जास्त पाहुणे येतात, मे महिन्यात तर रांग लागते. माझ्याकडे स्वर्गीय नर्तक आलाय पाण्याला, लांब पांढऱ्या शेपटीचा नर, आणि मी तो दहा सेकंद बघितला कारण नेमका तेव्हाच गॅसवाला आला.

सातारी_कंदी:
अपडेट देते, उशीर झाला, घरात निकालाचा गोंधळ होता (पास, चांगले मिळाले, पेढे समजा).

बोरीच्या फांद्या टाकल्या, पाण्याची थाळी ठेवली. बोक्याच्या मालकिणीने "आमचा तसा नाही हो" असं सांगितलं, पण दुसऱ्या दिवसापासून तो दिसला नाही, म्हणजे बांधून ठेवला असणार. थाळीवर पहिल्या दिवशी साळुंक्या, दुसऱ्या दिवशी बुलबुल आणि एक चिमुकला पांढऱ्या डोक्याचा... नाही, चिमुकला नाही, मैनेएवढा असेल, केशरी अंगाचा, गालावर दोन काळ्या उभ्या रेघा, तो पण पाल्यातच उकरत होता. आता हा कोण? मला वाटलं नवरंगाची बायको.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. मी त्यांना मोबाईलवर नवरंगाचा आवाज ऐकवला, लांब बसून, परसाकडची खिडकी लावून घेऊन, दुर्बीणवाले ओरडू नका. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला. म्हणाल्या हा तर आमच्या मेढ्याकडचा, पेरणीच्या आधी बोलायचा, पावशा पेर्ते व्हा करायचा आणि हा मागून शिट्ट्या द्यायचा, आम्ही पोरी उत्तर द्यायचो. आणि मग ह्या, सत्तर पार केलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, तोंडाने हुबेहूब ती शिट्टी. मला लग्न होऊन सोळा वर्षं झाली, त्यांना शिट्टी येते हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याला पण माहीत नव्हतं.

रेकॉर्डिंग केलं मावशी, पण मर्लिन ॲपने त्यात एक कोकीळ, एक पोपट ओळखला आणि पक्षी नसलेला बाकी सगळा आवाज आमच्या मिक्सरचा आहे.

१ जूनच्या रात्री पाऊस झाला, वळवाचाच, विजा बिजा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा रिकामा. दिवसभर बघितलं, नाही. संध्याकाळी साडेसहाला सासूबाई मागच्या पायरीवर जाऊन बसल्या, मला सांगितलं नाही कशाला ते. शिट्टी आली नाही.

पेव्हर ब्लॉकवाल्याला म्हटलंय दिवाळीनंतर बघू. तो म्हणतो ॲडव्हान्स परत मिळणार नाही, त्याच्यात पुढचं अंगण करून देतो.

दुर्बीणवाला:
गेला म्हणजे पुढच्या मुक्कामाला लागला, वाईट वाटून घेऊ नका. ऑक्टोबरात सकाळी सहाला दार उघडताना जरा हळू उघडा.

तो दुसरा म्हणजे नारिंगी डोक्याचा कस्तूर. नाव असं असून आपल्याकडच्याचा चेहरा पांढरा असतो आणि त्यावर त्या दोन काळ्या उभ्या रेघा, त्यामुळे सगळे फसतात. गातो पण सुंदर, पावसाळ्यात ऐका. नवरंगाची बायको नवरंगासारखीच दिसते, नर-मादीत आपल्याला फरक कळत नाही, तेव्हा तुमच्याकडे नवरा होता का बायको हे पण सांगता येणार नाही.

आणि सासूबाईंची शिट्टी रेकॉर्ड करा. मिक्सर बंद करून.

कॅलिफोर्नियाची_मावशी:
+१. मला पाठव.

चष्मा_विसरलो:
पहिल्या पोस्टमधला फोटो आत्ता लॅपटॉपवर उघडला. ताई, तुम्ही ज्याला पोपटी डाग म्हणताय ते कढीपत्त्याचं पान आहे. पक्षी त्याच्या डावीकडे आहे, विटेवर, अर्धा. लाल चड्डी दिसतेय.